सहा हुकांचं कटिंग

टिचूला माणसाच्या अंगाला टेप लावता येत नाही, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. टेलरची पोरगी आणि माप घेत नाही! कटिंगला बसली की मात्र हात असा चालायचा की बघत राहावं. शाळेच्या पंचवीस पँटी एका दुपारी बेतून, कापून, गठ्ठे बांधून ही मोकळी. पण एखादी बाई दारात येऊन म्हणाली, "अगं, जरा माझी कंबर बघ ना," की हिचा चेहरा पांढरा पडायचा. मग आई मशीनवरून उठायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "तिला नका सांगू हो, आमच्या राणीसाहेब फक्त कागदाशी बोलतात." बाई हसायची, आई हसायची, टिचूही हसायची. हसण्यात ती पटाईत होती.

टिचू हे काही खरं नाव नव्हे. लहानपणी ती टिचबटणांच्या डब्यात हात घालून बसायची आणि दिवसभर टिच टिच करत सगळ्यांचं डोकं उठवायची, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. आता वीस वर्षांची घोडी झाली तरी ते सुटलं नव्हतं.

तिच्या तऱ्हा अनेक होत्या. कटिंगचं टेबल तिनं कोपऱ्यात असं सरकवून घेतलं होतं की पाठ भिंतीला लागावी आणि मागून कुणी येऊच नये. न्हाणीघराची कडी ती तीन वेळा तपासायची, मग आंघोळ. केस स्वतःचे स्वतः कापायची, आणि ते कसे दिसायचे ते विचारू नका. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला दोनदा बसली, दोन्ही वेळा पेपर समोर आला आणि ही कुठंतरी निघून गेली. म्हणजे बसलेली तिथंच, डोळे उघडे, पण आत कुणी नाही. दोऱ्याच्या दुकानातल्या मुलाला ती आवडायची आणि तिलाही तो आवडायचा, अगदी मनापासून. एकदा त्यानं रीळ देता देता तिचा हात धरला. टिचू आधी खो खो हसली आणि मग रस्त्यावर जाऊन ओकली. त्यानंतर रीळ आणायला आई जायला लागली.

लोकांनी याला एकच शब्द शोधून ठेवला होता, तिरसट. सोपं असतं ना, एक शब्द चिकटवला की झालं. बाप लवकर गेला, आईनं लाडावून ठेवली, म्हणून तिरसट. खरं काय ते दोनच माणसांना माहीत आहे, असं टिचू समजून चालली होती. एक ती स्वतः आणि दुसरा मामा.

मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. बाबा गेले तेव्हा टिचू सात वर्षांची होती आणि दादा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, दूरच्या गावी शिकायला. आईला शिवण येत होतं, पण दुकानाचं बाहेरचं काही येत नव्हतं. शाळांच्या ऑर्डरी आणणं, कापडवाल्यांशी हुज्जत घालणं, माल पोचवणं हे सगळं बाबा बघायचे. मग मामा आला राहायला, आणि दुकान उभं राहिलं. गल्लीत सगळे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. टिचूलाही तेच वाटायचं. त्यानं तिला सायकल शिकवली होती, रंगीत खडू आणून दिले होते, बाबा गेल्यावर तिला पहिल्यांदा हसवलं होतं ते त्यानंच. हे ती कधी विसरू शकली नाही, आणि याचीच तिला जास्त लाज वाटायची. त्याचा राग यायला तिला नऊ वर्षं लागली. स्वतःचा राग मात्र पहिल्याच दिवशी आला होता.

वरच्या खोलीत, जिथं कापडाचे तागे ठेवलेले असत, तिथं ते सगळं घडायचं. ते मी काही सांगत बसणार नाही. ज्याला ऐकायची हौस आहे त्यानं दुसरीकडे जावं. एवढंच सांगते की तो तिला म्हणाला होता, "आईला कळलं ना, तर आई मरून जाईल. आधीच तिचं काळीज कमजोर झालंय." सात वर्षांचं पोर ते. बाबा मेलेले तिनं पाहिलेच होते, तेव्हा माणसं मरतात हे तिला सांगायला नको होतं. त्या दिवसापासून आईला जगवायचं काम तिनं अंगावर घेतलं. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती मशीनचा आवाज ऐकायची. आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. तेरा वर्षं तिनं तोंड शिवून घेतलं ते याच्यासाठी.

दीडेक वर्षानं मामाला दुसऱ्या गावी गोदामात नोकरी लागली आणि तो गेला. तोवर आई बाहेरचं सगळं शिकली होती. तो वर्षातून एकदा यायचा, आणि बरोबर त्याच दिवसांत टिचूला एखाद्या मैत्रिणीकडे जायची निकड लागायची. कुणाला कधी प्रश्न पडला नाही. या वर्षी तो दात बसवून घ्यायला येणार होता, पंधरा दिवसांसाठी. टिचूनं पिशवी भरूनही ठेवली होती.

आणि रविवारी दादा ठकीला घेऊन दारात उभा राहिला.

ठकी म्हणजे दादाची मुलगी, साडेसहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. वहिनीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. "तीन आठवडे सांभाळा गं हिला," दादा म्हणाला, "नाहीतर ही बाळाला पोटातूनच प्रश्न विचारून बाहेर काढेल." तो चहा पिऊन निघाला. मामा येणार हे आईनं त्याला सांगितलं नाही, हे टिचूच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. तिचं लक्ष भरलेल्या पिशवीकडे होतं. रात्री तिनं ती निमूटपणे रिकामी केली.

मंगळवारी सकाळी आईनं वरून एक जुनी, तपकिरी कागदाची गुंडाळी आणून तिच्या टेबलावर टाकली. "हे घे. ठकीला चार पँटी बेतून दे. आजच्या आज व्हायला हव्यात."

"तिनं पिशवी भरून आणल्यात की."

"त्या सगळ्या इलॅस्टिकच्या आहेत. घरात घालायला चांगल्या हव्यात."

"आई, घरात घालायला उलट इलॅस्टिकच्या बऱ्या. पोर दिवसभर उड्या मारते."

"तुला बेत म्हटलं ना? बेत. शहाणपण नको." आणि आई मशीनकडे वळली.

टिचूनं गुंडाळी उलगडली. आईची सवय अशी की एकदा पेपर कटिंग केलं, म्हणजे मापाचा कागदी साचा कापला, की तो फेकायचा नाही. कुणाचं, किती वयाचं, काय विशेष, सगळं पेन्सिलीनं वर लिहून ठेवायचं. याच्यावर लिहिलेलं बरंचसं पुसून गेलं होतं. "मागे सहा हूक" एवढंच लागत होतं, आणि त्याला दोनदा खाली रेघ मारलेली. वेडपट कटिंग होतं. लहान मुलांची पँट म्हणजे एकतर इलॅस्टिक, नाहीतर पुढं एक बटण. इथं दुहेरी पट्टा, तोही उंच, आणि बंद मागून, सहा हूक जवळजवळ. असलं तर मोठ्या बायकासुद्धा शिवून घेत नाहीत. पण आईशी वाद घालायला तिच्या अंगात जोर नव्हता. संध्याकाळी सहाची बस येणार होती. तिनं निळं कापड घेतलं आणि कात्री चालवली.

दहा वाजता फोन वाजला. आईनं हातातलं काम न सोडता स्पीकर लावला.

"ताई, सहाच्या बसनं येतोय गं. दातांचा नुसता खुळखुळा झालाय. चहाबरोबर काही कडक ठेवू नकोस."

"ये ये. खोली झाडून ठेवलीय."

"आणि ठकी आलीय म्हणे? तिला सांग, मामाआजोबा रंगीत खडू घेऊन येतायत."

ठकी टेबलाखालून ओरडली, "किती रंगांचे?"

फोनमधून मामा हसला. टिचूची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. हसणं तसंच होतं, तेरा वर्षांत तसूभर बदललं नव्हतं. तिनं ठकीकडे पाहिलं. ठकी आनंदानं टाळ्या वाजवत होती. आईनं फोन ठेवला आणि मशीन जरा जास्तच जोरात सुरू केलं.

बारापर्यंत पहिली पँट तयार झाली. हूक लावायचं काम काजाच्या मावशींचं. मावशी दुकानात पंचवीस वर्षं काज करत होत्या, हूक-बटणं लावत होत्या, आणि हात चालू असला की जीभही चालू. त्यांनी ठकीला उभी केली, पँट घातली, मागून सहाच्या सहा हूक लावले आणि म्हणाल्या, "झाली बाई पार्सल तयार. आता पत्ता लिहा आणि टाका पोस्टात." ठकी हसत हसत अंगणात पळाली.

अर्ध्या तासानं ती परत आली. आता पळत नव्हती, पाय आवळून चालत होती, आणि दोन्ही हात मागं नेऊन पट्ट्याशी झटत होती. "आत्या," ती म्हणाली, "मला शू आलीय आणि हे उघडतच नाहीये. आत्या, लवकर!"

टिचू उठली. तिनं ठकीला पाठमोरी केलं आणि हूक काढायला लागली. स्वतःच्या बोटांकडे ती बघत राहिली, कारण ही बोटं एका माणसाच्या कमरेला लागली होती आणि थरथरत नव्हती. बोटांना ते पट्टे ओळखीचे होते. एक, दोन, तीन. वरचे तीन सैल, खालचे तीन घट्ट. हे तिला न बघता कसं कळलं?

आणि मग कळलं. शाळेचं स्वच्छतागृह, लांबच लांब रांग, आणि ती हात मागं नेऊन झटतेय. बाईंना सांगायची लाज. आणि मग पायांवरून ऊन ऊन पाणी, बूट भरले, मागच्या मुलीनं नाक धरलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा झालं होतं ते. शाळेत तिला वर्षभर काय काय म्हणायचे ते आता सांगत नाही. घरी आई ओली पँट बघायची, धुवायची, आणि एक अक्षर बोलायची नाही. रागावायचीसुद्धा नाही. टिचूला तेव्हा वाटायचं, किती चांगली आहे माझी आई.

ठकी सुटली तशी धावली. टिचू तिथंच गुडघ्यांवर बसून राहिली.

"काय गं, झालं काय?" मावशी सुई ओवता ओवता म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. तुझ्या वेळी पण मी तुझ्या आईला म्हटलं होतं, अहो, एवढ्याशा पोरीला मागं सहा हूक कसले लावताय? तिला आपल्याआपण काढता तरी येतील का? पण तुझी आई ऐकतेय कुणाचं!"

"हे माझं कटिंग आहे?"

"मग कुणाचं? विसरलीस? दहा-बारा पँटी होत्या तुझ्या, सगळ्या चांगल्या. एका दिवसात तुझ्या आईनं सगळ्यांची इलॅस्टिकं उसवली. मला आठवतंय ना, दुपारची वेळ. ती वर गेली होती अस्तराचा तागा आणायला. आणि खाली आली ती हात हलवत, पांढरीफटक. मी म्हटलं, चक्कर आली का? तर म्हणे, पाणी द्या. प्यायली, आणि लगेच बसली उसवायला. मी म्हटलं, अहो, अस्तर? ती म्हणाली, अस्तर राहू दे." मावशींनी दोरा दातानं तोडला. "दुःखातली बाई, मी काही बोलले नाही. नवरा जाऊन चार महिने झाले होते ना."

मावशींना काही कल्पना नव्हती. त्या आपल्या सांगून मोकळ्या झाल्या आणि दुसरी पँट हातात घेतली.

टिचूला ती दुपार माहीत होती. तेरा वर्षं ती दुपार तिच्या डोक्यात भाड्यानं राहत होती. वरच्या खोलीचं दार थोडं उघडलं होतं. जिन्यातला उजेड आत, जमिनीवर पडला होता. मग दार परत लागलं, अगदी हळू, आवाज न करता. "वारा," मामा म्हणाला होता. आणि टिचूनं मान्य केलं होतं, वारा. कितीतरी वर्षं ती त्या वाऱ्यावर चिडत होती, की मेल्या, जरा जोरात आला असतास तर दार आपटलं असतं, खालून कुणीतरी वर आलं असतं.

ती उठली. आई मागच्या खोलीत इस्त्री करत होती. टिचू दारात उभी राहिली.

"आई, त्या दिवशी वरचं दार तू उघडलं होतंस?"

कुठल्या दिवशी, असं आईनं विचारलं नाही. कुठलं दार, असंही नाही. तिनं इस्त्री उभी करून ठेवली, वायर काढली, आणि ती गुंडाळत बसली. टिचूला एवढं उत्तर पुरलं. ती कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली.

"हळू बोल," आई म्हणाली. "बाहेर मावशी आहेत."

"तू पाहिलंस."

"मी नीट काही पाहिलं नाही."

"तू पाहिलंस, आणि दार लावून घेतलंस."

"मग काय करणार होते मी?" आईचा आवाज फुटला, पण दबलेलाच राहिला. "तुझे बाबा नव्हते. दादा तिकडे. दुकानाची एक गोष्ट मला कळत नव्हती, सगळं त्याच्या हातात. त्याला काढून दिला असता तर खाल्लं काय असतं आपण? आणि लोकांना काय सांगितलं असतं? मला वाटलं, पोर लहान आहे, विसरून जाईल. आणि मी काही हातावर हात धरून बसले नव्हते. त्याच दिवशी तुझ्या सगळ्या पँटी उसवल्या मी. बोटांची चाळण झाली. त्यानंतर सगळं थांबलं की नाही? सांग ना. थांबलं की नाही?"

तिला खरंच तसं वाटत होतं. टिचूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ते दिसलं. तेरा वर्षं ही बाई स्वतःच्या हातशिलाईवर विश्वास ठेवून सुखानं जेवत होती. गणवेशाचे ढीग शिवत होती, ही आमची राणीसाहेब म्हणून गिऱ्हाइकांना हसवत होती.

"हूक मला काढता येत नव्हते, आई," टिचू म्हणाली. "त्याला येत होते."

आईनं तोंडावर हात घेतला.

"पुढं वर्षभर. तो जाईपर्यंत."

बाहेर मावशी ठकीला काहीतरी विचारत होत्या आणि ठकी सांगत होती की बाळाला दात नसतात, म्हणजे तेही मामाआजोबांसारखंच. मावशी हसल्या.

"मग तू बोलली का नाहीस?" आई एकदम म्हणाली. "एक शब्द तरी बोलायचास! मला काय स्वप्न पडणार होतं?"

आता बोला! टिचूला हसू आलं. तिचं ते नेहमीचं, भलत्या वेळी येणारं हसू. ती हसत राहिली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तू मरशील म्हणून," ती म्हणाली. "त्यानं सांगितलं होतं, तुला कळलं तर तू मरशील. मी रोज शाळेतून येऊन बघायची तू जिवंत आहेस का. आणि तुला कळलेलंच होतं. तू ठणठणीत होतीस. मेले मी, आई. तू कुठं मेलीस?"

आई पुढं आली आणि तिनं टिचूच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला. टिचू मागं सरकली. हात तसाच हवेत राहिला आणि मग आईनं तो पदराला पुसला.

"आणि आज परत त्याला बोलावलंस. ठकी घरात असताना."

"त्यानं आधीच ठरवलं होतं, नाही कसं म्हणणार? काय कारण सांगणार? आणि आता तो पन्नाशीला आलाय, तोंडात दात नाहीत. तसं काही होणार नाही. तरी मी आहे ना. लक्ष ठेवीन. म्हणून तर पँटी—" एवढं बोलून आई थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू गेलं असावं. पण तिनं ते परत घेतलं नाही.

म्हणजे हिला माहीत आहे. काही होणार नाही म्हणते आणि सहा हूक शिवते. टिचूला वाटलं, माझ्या आईएवढं हुशार कुणी नाही आणि माझ्या आईएवढं भित्रंही कुणी नाही. मी जिच्यासाठी तोंड शिवून बसले, ती बाई दाराच्या पलीकडेच उभी होती.

तिनं फोन काढला.

"कुणाला करतेस?" आईनं तिचा हात धरला. "टिचू, नको. दादाला नको. वहिनीची अवस्था बघ. पोटुशी बाई. आपण दोघी मिळून काहीतरी करू. त्याला लॉजमध्ये उतरवू. मी सांगते त्याला, खोलीत पाणी गळतंय. काहीतरी सांगते."

"त्याला काय सांगायचं ते तू बघ. दादाला मी सांगते."

"तो माझं तोंड बघणार नाही परत!"

टिचू तिच्याकडे बघतच राहिली. एवढ्या बोलण्यात आईनं एकदाही विचारलं नव्हतं, तुला दुखलं का गं? तू भ्यायली होतीस का? सात वर्षांची टिचू अजून वरच्या खोलीत बसून त्याच प्रश्नाची वाट बघत होती, आणि खाली आईला स्वतःच्या तोंडाची पडली होती. तिनं हात सोडवून घेतला आणि नंबर लावला.

"बोल, राणीसाहेब," दादा म्हणाला. मागं गाड्यांचा आवाज होता. "ठकीनं दुकान पेटवलं का?"

"दादा, तिला घेऊन जा. आज. सहाच्या आधी."

"का? काय केलंन तिनं?"

"मामा येतोय सहाला."

"येऊ दे की. मग?"

टिचूनं तोंड उघडलं. परीक्षेच्या वेळी व्हायचं तसं व्हायला लागलं, खोली लांब लांब जायला लागली. तिनं शेजारच्या गठ्ठ्यातली एक सुती पँट मुठीत घट्ट धरली. कापड हाताला लागलं, जाडंभरडं, स्टार्च केलेलं. ती परत आली.

"मी ठकीएवढी होते तेव्हा मामानं माझ्याबरोबर घाणेरडं केलं, दादा. वरच्या खोलीत. एकदा नाही. दीड वर्ष."

पलीकडून गाड्यांचे आवाज येत राहिले. मग ते थांबले, म्हणजे दादानं गाडीची काच वर केली असावी.

"ठकी कुठंय?" त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मावशींजवळ. इथंच. मला तिचा आवाज येतोय."

"तिचा हात सोडू नकोस. मी निघालो. दोन तासांत पोचतो. तुझेही कपडे भर. तू पण येतेयस, ऐकलंस का? तू त्या घरात थांबायचं नाहीस." मग त्याचा आवाज मध्येच तुटला. "टिचू. एवढीशी होतीस गं तू. तुला किती... आणि मी सुट्टीला येऊन तुला चिडवायचो, शाळेत ओली होतेस म्हणून. मला कुणी का नाही सांगितलं गं?"

टिचूला आता रडायला आलं. साधं, भलत्या वेळी नव्हे, वेळेवर आलेलं रडू. तिनं ते येऊ दिलं.

"एक सांग," दादा म्हणाला. "आईला माहीत होतं?"

आई समोरच उभी होती. फोनमधला आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. तिनं दोन्ही हात जोडले आणि मान हलवली, नाही म्हण, नाही म्हण. ओठ नुसते हलत होते. भावासाठी तिनं हात जोडले नव्हते, टिचूला ते नीट दिसलं. ते स्वतःसाठी होते. आणि एवढं सोपं होतं ते. एक शब्द. तेरा वर्षं टिचू तोच शब्द सांभाळत आली होती, की आईला माहीत नाही, आईला काही माहीत नाही, आणि त्याच्या बळावर ती जगली होती.

"हो," टिचू म्हणाली. "आईला पहिल्यापासून माहीत होतं, दादा. मलाच माहीत नव्हतं."